सुट्टी विकत घेता, की पंचवीस वर्षांचा मेंटेनन्स?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण बेसा, बेलतरोडी, घोगली, मनीषनगर भागात राहणाऱ्या आणि "सर, लकी ड्रॉमध्ये तुमचा नंबर लागला आहे, मॅमला घेऊन या" असा फोन आलेल्या प्रत्येकाने शेवटपर्यंत वाचावी. माझे तीन लाख गेले आहेत, तुमची पाच मिनिटं जातील.

मागच्या रविवारी दुपारी साडेचारला आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराचा फोन आला. लग्नाला दोन वर्षं झाली, आठ महिन्यांचं बाळ आहे, फ्लॅटचा हप्ता चालू, बायकोची नोकरी बाळंतपणात सुटलेली. दबक्या आवाजात बोलत होता.

"काका, वर्धा रोडवरच्या हॉटेलात आलो आहो. व्हेकेशन क्लबची मेंबरशिप देऊन राहिले. साडेचार लाख, पंचवीस वर्षं. आजच साइन केलं तर साठ हजार कमी म्हणते. तुमच्याकडे आहे नं अशी? घेऊ का?"

मी विचारलं, "बाथरूममधून बोलून राहिला का तू?"

"हो. तुम्हाला कसं समजलं?"

समजलं, कारण २०१६ मध्ये मीही अशाच एका हॉटेलच्या बाथरूममधून माझ्या मोठ्या भावाला फोन लावला होता. त्याने उचलला नाही. मी बाहेर आलो आणि सही केली.

त्याला म्हटलं, "कार्ड खिशातून काढू नको. बाळ रडून राहिलं म्हण आणि निघ." निघाला बिचारा. संध्याकाळी दोघं नवरा-बायको आमच्याकडे आले. ती जरा रागातच होती. म्हणाली, "काका, वर्ष झालं मी या घराच्या बाहेर नाही पडली. टँकर, दूध, डॉक्टर आणि बाळ. तिथं त्यांनी समुद्राचे फोटो दाखवले तर मला रडूच आलं."

तिचं काहीच चुकलं नाही, हे आधी लिहून ठेवतो. सुट्टी ही चैन नाही. नेमकी हीच गरज ओळखून हे लोक आपल्याला त्या हॉलमध्ये बसवतात, आणि माझा राग त्याचा आहे.

आधी हिशेब

त्यांनी त्याला ज्या कागदावर पेनने आकडे लिहून दिले होते, तो कागद आम्ही डायनिंग टेबलवर उघडला. सगळं धरून ४ लाख ५० हजार. दरवर्षी ७ रात्री, २५ वर्षं. वार्षिक मेंटेनन्स, ज्याला ते एएमसी म्हणतात, १६ हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पहिल्याच वर्षी १८ हजार ८८०.

आता साडेचार लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ३१ हजार ५०० व्याज आलं असतं. ते बुडालं. त्यात एएमसी मिळवा: ५० हजार ३८०. सात रात्रींनी भागा. एका रात्रीचे जवळजवळ ७ हजार २०० रुपये. यात प्रवास नाही, जेवण नाही. याहून बऱ्याच कमी पैशात चिखलदऱ्याला एमटीडीसीची रूम मिळते, आणि मुद्दल बँकेत तसंच राहतं. हप्त्यावर घेतलं तर व्याज आणखी जास्त, आणि या पोराकडे रोख साडेचार लाख नव्हतेच.

पण खरी गंमत पुढे आहे. एएमसी दरवर्षी फक्त ५ टक्के वाढली असं धरा. पंचविसाव्या वर्षी बिल येईल साधारण ६१ हजारांचं. पंचवीस वर्षांची एएमसी एकत्र केली तर बेरीज होते सुमारे ९ लाख. म्हणजे ज्याची किंमत साडेचार लाख सांगितली, त्याची खरी किंमत साडेतेरा लाख आहे. हा आकडा त्या कागदावर कुठेच नव्हता. मी उलटून, पालटून पाहिला.

आणि आपण नागपूरचे. समुद्र आपल्यापासून लांब, हिमालय लांब, केरळ त्याहून लांब. चार जणांचं विमानाचं तिकीट किंवा दोन-दोन रात्रींची रेल्वे, स्टेशनपासून टॅक्सी. राहणं "फुकट" झालं तरी जाणं फुकट होत नाही. पुण्या-मुंबईचा माणूस शनिवारी गाडी काढून लोणावळ्याला जाऊ शकतो. आपल्याला ती सोय नाही. आपल्या आवाक्यातलं म्हणजे पेंच, ताडोबा, नागझिरा, चिखलदरा, पचमढी. यासाठी पंचवीस वर्षांचा करार लागतो का?

पॉइंट म्हणजे काय?

टाइमशेअरची कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात युरोपात आल्प्सच्या डोंगरात सुरू झाली. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ मध्ये आली, महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये. जुन्या पद्धतीत निदान एक गोष्ट ठरलेली असायची: हे रिसॉर्ट, ही खोली, वर्षातला हा आठवडा तुमचा. गैरसोयीचं असेल, पण काय घेतलं ते माहीत होतं.

मग पॉइंट आले. आता आठवड्याऐवजी वर्षाला अमुक इतके पॉइंट मिळतात. कोणत्या रिसॉर्टला, कोणत्या हंगामात, कोणत्या आकाराच्या खोलीला किती पॉइंट लागतील याचा तक्ता असतो. विकताना सांगतात, किती लवचीक आहे पहा! लवचीक आहेच. फक्त तो तक्ता कोण ठरवतं हे विचारा. कंपनी ठरवते. आणि माझ्या करारात तो बदलायचा अधिकारही कंपनीकडेच आहे. नोटा छापणारा तोच, आणि बाजारातल्या भाज्यांचे भाव लिहिणाराही तोच. अशा नोटा तुम्ही पंचवीस वर्षांच्या घेऊन ठेवाल का?

शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराला सुट्ट्या दोनच, दिवाळी आणि उन्हाळा. त्याच दिवसांना सगळ्यात जास्त पॉइंट. आणि देशातले सगळे मेंबर त्याच दिवसांवर तुटून पडतात. आपल्याकडच्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणून मी एकदा हुशारी करून जूनच्या मध्यात बुकिंग केलं. मिळालं लगेच. महाबळेश्वर. चार दिवस पाऊस आणि धुकं, खिडकीतून समोरचं झाडसुद्धा दिसलं नाही. मुलांनी टीव्ही पाहिला.

माझा नऊ वर्षांचा हिशेब सांगतो. हक्क ६३ रात्रींचा. वापरल्या २६. २०२० मध्ये सगळं बंद होतं, घराबाहेर पडायची बंदी होती, तरी एएमसीचं बिल वेळेवर आलं. नाही भरलं तर थकबाकीवर व्याज, आणि व्याज भरेपर्यंत बुकिंग बंद.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडता नं?

आता थोडं आपल्याबद्दल. बेसा भागात प्लॉट घेताना आपण काय काय विचारतो? एनए आहे का, आरएल आलं का, एनएमआरडीएची मंजुरी आहे का, रस्ता किती फुटाचा. मामाला, काकाला, ओळखीच्या वकिलाला कागद दाखवतो. पंधरा दिवस झोप घेत नाही. आणि पंचवीस वर्षांच्या या करारासाठी? दोन तास, एक थंड समोसा आणि एक गिफ्ट व्हाउचर.

सोसायटीचा मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढवायचा म्हटला तर आमच्या आमसभेत रात्री अकरापर्यंत भांडण चालतं. टँकरचा खर्च किती, लिफ्टचा किती, वॉचमनचा किती, बिलं दाखवा म्हणतो. बरोबरच आहे, आपला पैसा आहे. मग ज्या रिसॉर्टची एक वीट आपल्या नावावर नाही, जिथे आपल्याला मत नाही, ज्याची बिलं आपल्याला कोणी दाखवत नाही, तिथला मेंटेनन्स पंचवीस वर्षं भरायला आपण सही कशी करतो? फ्लॅटची निदान रजिस्ट्री असते, इंडेक्स-टू असतो, उद्या विकता येतो. माझी मेंबरशिप मी विकायला काढली तेव्हा एकाने चाळीस हजार देतो म्हटलं, वरून ट्रान्सफर फी मलाच भरायला सांगितली.

तेव्हा "सर, ये ॲसेट है" असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबवा. ही मालमत्ता नाही. हा खर्च आहे, आगाऊ भरलेला, आणि नंतर दरवर्षी भरत राहायचा.

"अहो, पण ही फसवणूक थोडीच आहे?"

नाही. सगळे चोर आहेत असं मी म्हणत नाही. चांगली रिसॉर्ट चालवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि मेंबरशिप नीट वापरणारी माणसंही आहेत. माझ्या ऑफिसात एक जण आहे, वर्षभर आधी कॅलेंडर घेऊन बसतो, आई-वडील आणि दोन्ही मुलांना घेऊन जातो, एक रात्र वाया जाऊ देत नाही. त्याला परवडलं. पण तो माणूस रेल्वेचं तिकीटही बुकिंग उघडलेल्या दिवशी काढतो. तुम्ही तसे असाल तर घ्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त प्रामाणिकपणे सांगा, मागच्या दिवाळीचं तिकीट कधी काढलं होतं?

मात्र "मोठी कंपनी आहे, इतके लोक घेतात, काही नाही होत" हे ऐकलं की मला पॅनकार्ड क्लब्ज आठवतं. मुंबईची कंपनी, हॉटेलातल्या "रूम नाइट्स" विकायची. राहायला गेलात तर ठीक, नाही गेलात तर मुदतीनंतर वाढीव रक्कम मिळेल असं सांगून. एजंट म्हणजे आपलेच शेजारी, आपलेच नातेवाईक. सेबीने म्हटलं, ही सुट्टीची योजना नाही, ही परवानगी न घेता चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे. २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात सेबीने पैसे परत करायला सांगितले. किती? ७ हजार ३५ कोटी. ५१ लाखांहून अधिक गुंतवणूकदारांचे. पुढे मालमत्तांचे लिलाव निघाले आणि लोक वर्षानुवर्षं वाट पाहत राहिले. २०१५ मध्ये रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या टाइमशेअर योजनांबद्दलही सेबीने असाच आदेश दिला होता. आणि २०१३-१४ मध्ये श्रीसूर्या आणि वासनकर या दोन नावांनी नागपुरातल्या किती घरांची झोप उडाली, ते मी इथे सांगायला नको.

ते वेगळं आणि पॉइंटची मेंबरशिप वेगळी, हे मान्य. तिथे परताव्याचं आमिष होतं, इथे सुट्टीचं आहे. पण दोन्हीकडे पैसा आज घेतला जातो आणि बदल्यात मिळणारी गोष्ट पुढच्या वर्षांवर टाकलेली असते. पंचवीस वर्षांनी ती कंपनी कोणाच्या हातात असेल हे कोण सांगणार? स्टर्लिंगच घ्या, २०१४ मध्ये ती थॉमस कुककडे गेली. मालक बदलला म्हणून वाईटच होतं असं नाही. पण तुम्ही ज्याच्या तोंडाकडे पाहून सही केली तो तिथे नसेल, एवढं नक्की.

मग चूक कोणाची?

मी स्वतःला बरीच वर्षं शिव्या घातल्या. शिकलेला माणूस, सही कशी केली? आता वाटतं, माझी चूक आहेच, पण तो हॉल चूक व्हावी म्हणूनच बांधलेला असतो. नवरा-बायको दोघंही आलेच पाहिजेत, ही अट कशासाठी? "घरी विचारून सांगतो" म्हणायची सोय राहू नये म्हणून. मुलांना खेळायला वेगळी खोली कशासाठी? मोठ्यांना दोन तास उठता येऊ नये म्हणून. "फक्त आज" कशासाठी? रात्री झोपून सकाळी हिशेब करू नये म्हणून. दर दहा मिनिटांनी टाळ्या वाजवून "शर्मा फॅमिलीचं अभिनंदन!" कशासाठी? आपणच मागे राहिलो असं वाटावं म्हणून.

आता कायद्याकडे पहा. आयुर्विम्याची किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी घेतली आणि पटली नाही, तर ३० दिवसांत परत करता येते. थोडी वजावट करून पैसे परत द्यावे लागतात. २०२४ पासून हा नियम आहे, आधी १५ दिवस होते. युरोपात २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर घेणाऱ्याला १४ दिवसांत, कारण न देता, करार मोडता येतो. त्या १४ दिवसांत विकणाऱ्याला एक पैसाही आगाऊ घेता येत नाही. आणि टाइमशेअर "गुंतवणूक" म्हणून विकायलाच मनाई आहे.

आपल्याकडे? टाइमशेअरसाठी वेगळा कायदाच नाही. काही कंपन्या करारात स्वतःहून थोड्या दिवसांची मुदत देतात, पण ती त्यांची मेहेरबानी. कलम बारीक अक्षरात, आणि बहुतेकांना ते समजतं तेव्हा मुदत संपलेली असते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांची यादी केली, त्यात "खोटी घाई" हा प्रकार नाव घेऊन आहे. मोबाइलवर "फक्त आजच" असं खोटं लिहिलं तर गैर. मग वर्धा रोडवरच्या हॉटेलात तोंडाने म्हटलं तर बरोबर कसं?

म्हणून मागण्या चारच आहेत, आणि एकही जगावेगळी नाही:

१. सहीनंतर किमान १४ दिवस करार मोडायचा हक्क कायद्याने मिळावा. त्या दिवसांत कार्ड स्वाइप नाही, चेक नाही.
२. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत, पंचवीस वर्षांचा एएमसीसकट एकूण खर्च लिहावा.
३. एएमसी वर्षाला जास्तीत जास्त किती वाढेल त्याला मर्यादा असावी, आणि ती कुठे खर्च होते त्याचा हिशेब मेंबरांना मिळावा.
४. काही वर्षांनंतर ठरलेल्या सूत्राने बाहेर पडता यावं. लग्नातूनसुद्धा घटस्फोट मिळतो हो, या पॉइंटमधून मिळत नाही.

आपले खासदार, आमदार निवडणुकीत बेशात येतात, रस्ते आणि पाण्याबद्दल बोलतात. या वेळी हेही विचारा. मध्यमवर्गाच्या खिशातून जाणारा पैसा हाही सार्वजनिक प्रश्न आहे.

ज्यांनी घेतली आहे त्यांच्यासाठी

आधी करारात मुदतीचं कलम शोधा. मुदत उलटली नसेल तर आजच ईमेल करा आणि रजिस्टर पोस्टाने पत्रही पाठवा. फोनवरच्या "हो सर, करून देतो" ला किंमत नाही. तोंडी दिलेली आश्वासनं, व्हॉट्सॲप मेसेज, पेनने लिहिलेला तो कागद, सगळं जपून ठेवा.

करारात "वाद मुंबईत किंवा चेन्नईतच" असं लिहिलं असेल तर घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा चालढकल करू नका. त्याच कायद्यात एकतर्फी अन्यायकारक करार ही वेगळी व्याख्या आहे, त्याविरुद्ध राज्य आयोगात जाता येतं. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून करा, किंवा ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा.

आणि "तुमची मेंबरशिप आम्ही विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा फसवायचा तो धंदा आहे. मला आतापर्यंत असे पाच फोन आले.

राहता राहिला तो आमच्या बिल्डिंगमधला पोरगा. त्या रात्री आम्ही साडेचार लाखांचा नाद सोडून वीस हजारांत काय बसतं ते पाहिलं. पुढच्या महिन्यात तीन रात्री पचमढी. पिपरियापर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी, बाळासाठी गरम पाण्याची सोय असलेली साधी रूम. समुद्र नाही. पण तिने स्वतः फोन करून रूम ठरवली, आणि परत आल्यावर त्यांना कोणाला बिल भरायचं नाही.

पटलं तर शेअर करा, विशेषतः नवीन लग्न झालेल्यांना पाठवा. नसेल पटलं तर खाली या, भांडू. पण भांडायला येताना तुमच्या मागच्या पाच वर्षांच्या एएमसीच्या पावत्या आणि वापरलेल्या रात्रींचा आकडा घेऊन या. माझा मी दिला आहे.